ज्याला घर नाहीं त्याचें कुत्रें

दारीं आलेल्या भिक्षेकऱ्यास आपण अर्धी भाकर द्यावी, आणि त्यानें पाठ फिरवितांच तिचे दोन तुकडे करून त्यांतला मोठा तुकडा मागें उभ्या असलेल्या कुत्र्यास घालावा, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. अशा वेळीं देणाऱ्याच्या मनांत काय येतें? बहुधा राग येतो. मीं आपल्या मुलांच्या ताटांतली भाकर मनुष्यास दिली, कुत्र्यास नव्हे. ज्याला स्वतःचें पोट भरतां येत नाहीं त्यानें कुत्रें कशास बाळगावें? हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं रास्त दिसतो. तो विचारणारे लोक कठोर असतात असेंही नाहीं. दानधर्मांत मागें न राहणारीं, मंडळींतलीं भलीं माणसेंच तो विचारितात. म्हणून तो हंसण्यावारी न नेतां त्याचा आज थोडा विस्तारानें विचार करावा असें योजिलें आहे.

गांवांत राहणाऱ्या वाचकांस कुत्र्याचें काम ठाऊक आहे. पाऊस सरला म्हणजे धनगर आपले वाडे घेऊन रानोमाळ निघतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतांत बसवून घेतो व खताच्या मोबदल्यांत धान्य देतो. रात्रीं मेंढरांच्या कडेनें कुत्रीं पडून राहतात, आणि लांडग्याचा वास आला कीं सगळें रान जागें करितात. धनगर वर्षांतले कित्येक महिने उघड्यावर काढितो, तरी "तूं कुत्रें कशास बाळगतोस?" असें त्याला कोणी विचारीत नाहीं, कारण त्या कुत्र्याचा उपयोग डोळ्यांनीं दिसतो. शिवाय धनगर बेघर नव्हे. त्याचें घर त्याच्याबरोबर चालत असतें. आजचा विषय निराळा आहे. ज्याला ना घर, ना मेंढरें, ना कामधंदा, ज्याची सगळी मालमत्ता एका गाठोड्यांत मावते, अशा मनुष्याच्या पायांशीं जें कुत्रें निजतें त्याविषयीं आम्ही बोलत आहों.

असे लोक केवळ आपल्याच देशांत आहेत असें कोणी समजूं नये. विलायतेंत आणि अमेरिकेंत सगळेच सुखवस्तु असतात अशी खेड्यांतील पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति अशी कीं, लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्को यांसारख्या धनाढ्य शहरांतही पुष्कळ माणसें कडाक्याच्या थंडींत रस्त्यावर, पुलाखालीं किंवा दुकानांच्या पायऱ्यांवर रात्र काढितात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पांघरुणांत एक कुत्रें असतें. तिकडच्या विद्वानांनीं या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला आहे, म्हणून प्रथम तिकडचाच दाखला घेतों. अमेरिकेंतील कोलोराडो विद्यापीठांत समाजशास्त्र शिकविणाऱ्या लेस्ली अर्विन या विदुषीनें रस्त्यावर राहणाऱ्या व कुत्रीं-मांजरें बाळगणाऱ्या माणसांच्या भेटी घेऊन त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि २०१३ सालीं त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचें नांव मराठींत सांगावयाचें तर 'माझें कुत्रें नेहमीं आधीं जेवतें' असें होईल. या नांवांतच पुस्तकाचें पुष्कळसें सार आलें आहे. त्या लोकांचा नियम असा कीं, जें अन्न मिळेल त्यांतला पहिला वांटा कुत्र्याचा. उरेल तो आपला. म्हणजे आपल्या दारावरचा तो भिक्षेकरी कांहीं वेडा नव्हे, आणि एकटाही नव्हे.

असें कां होत असावें? बेघर मनुष्याचा एक दिवस मनापुढें आणा. सकाळीं उठल्यापासून तो घेत असतो. सकाळचा चहा कोणी दिला तर घेतो, जुनी बंडी घेतो, पैसा घेतो, आणि यांतलें कांहीं न मिळालें तर शिवी घेतो. घेणाऱ्यानें नम्र असावें, घेणाऱ्यानें हात जोडावे, मिळेल तें गोड मानावें, असा जगाचा कायदा आहे. एक दिवस असें राहणें कोणासही जमेल. पांच वर्षें, दहा वर्षें असेंच राहिलें म्हणजे मनुष्याच्या आंत कांहीं तरी झिजून जातें. त्याच्यापासून कोणालाच कांहीं नको असतें. त्यानें येथून उठून दुसरीकडे जावें एवढीच काय ती अपेक्षा. अशा मनुष्याच्या सगळ्या आयुष्यांत एकच जागा अशी उरते कीं जेथें तो देणारा असतो. ती जागा म्हणजे त्याचें कुत्रें. तेथें कोणी त्याच्या हाताकडे पाहत असतें, त्याच्या येण्याची वाट पाहत असतें, त्यानें दिलेला तुकडा खाऊन वांचत असतें. भाकरीचा मोठा भाग कुत्र्यास घालितांना तो आपलें दान वाया घालवीत नाहीं. तेवढ्या क्षणापुरता तो आपल्या पंक्तीस येऊन बसतो, दात्यांच्या पंक्तीस. आपल्याला जो राग येतो त्याचें मूळ कदाचित् येथेंच असावें. आपण त्याला भिकारी म्हणून भाकर दिली आणि तो यजमान झाला!

सारफथची विधवा मूठभर पिठाची शेवटची भाकर करणार होती, आणि ती करून, खाऊन, लेंकरासह मरावयाचें असा तिचा बेत होता. तशा वेळीं तिनें आधीं एलीयाला भाकर दिली. तिची आपण वाखाणणी करितों. मी येथें कुत्र्यास संदेष्ट्याच्या जागीं बसवीत नाहीं, असें कोणी मनांत आणूं नये. सांगावयाचें एवढेंच कीं, देण्यासाठीं आधीं भरपूर असावें लागतें हा विचार श्रीमंतांनीं काढिलेला आहे. गरिबांचा अनुभव तसा नाहीं.

अर्विन बाईंस कित्येकांनीं असेंही सांगितलें कीं, कुत्र्यामुळें आम्ही दारू व इतर व्यसनें सोडिलीं. कुत्र्यास वेळेवर पाणी पाहिजे, फिरविलें पाहिजे. आपण शुद्ध हरपून पडलों, किंवा पोलिसांनीं धरून नेलें, तर त्याला कोण पाहील? कांहींनीं तर म्हटलें कीं, हें कुत्रें नसतें तर आम्हीं केव्हांच जीव दिला असता. मनुष्य आपल्याविषयीं सांगतांना थोडें उजळून सांगतो हें आम्ही जाणतों, आणि ह्या साक्षींतून तेवढें वजा करावयास आमची हरकत नाहीं. तरी जें उरतें तें थोडें नाहीं. उपदेश करून जें साधलें नाहीं, कायद्याच्या धाकानें जें साधलें नाहीं, तें एका मुक्या जनावराच्या भुकेनें साधलें, असें प्रत्यक्ष त्या माणसांचें म्हणणें आहे. ज्या उपदेशकांनीं दारूबाजांपुढें वर्षानुवर्षें घसा कोरडा केला आहे त्यांस यांतील मर्म सांगावयास नको. "तुझ्यावर कोणी अवलंबून आहे" हें वाक्य ऐकणें निराळें, आणि तें अवलंबून असणारें रोज पहांटे तोंडाला तोंड लावून उठवीत असणें निराळें.

रस्त्यानें जाणारे लोक मात्र या माणसांस सोडीत नाहींत. "तुझेच हाल कुत्रें खात नाहीं, आणि तूं कुत्र्याचे हाल करितोस," असें आपल्याकडे म्हणतील; तिकडे त्यांच्या भाषेंत असेंच म्हणतात. यावर त्या बेघरांचें उत्तर ऐकण्याजोगें आहे. ते म्हणतात, तुमचें कुत्रें दिवसभर बंद घरांत एकटें असतें, तुम्ही संध्याकाळीं कामावरून आलां म्हणजे त्याला घटकाभर माणूस दिसतो. माझें कुत्रें रात्रंदिवस माझ्याजवळ असतें. मग खरें पाळणें कोणाचें? हा नुसता वितंडवाद आहे असें समजूं नये. केंब्रिज येथील पशुवैद्यांनीं बेघरांचीं कुत्रीं आणि घरांत पाळलेलीं कुत्रीं यांची तुलना करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यांत बेघरांच्या कुत्र्यांत लठ्ठपणा कमी व एकटें राहिल्यानें येणाऱ्या खोडी कमी असें आढळून आलें. अर्थात् औषधपाण्याची गोष्ट वेगळी. डॉक्टरास द्यावयास पैसा नाहीं, आणि आजारी पडलेलें कुत्रें मांडीवर घेऊन बसण्यापलीकडे कांहीं करितां येत नाहीं, अशी वेळ या लोकांवर येते. ती वेळ किती वाईट असते हें ज्याचा बैल ऐन पेरणींत आजारी पडला आहे त्याला समजेल.

एक चमत्कारिक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्याच रस्त्यावर कांहीं लोक असेही असतात कीं, जे मनुष्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत, परंतु त्याच्या कुत्र्यासाठीं खाद्याची पिशवी आणून ठेवितात. कुत्रें निरपराधी आहे, तें आपल्या दोषानें रस्त्यावर आलें नाहीं, असा त्यांचा हिशेब. मनुष्य मात्र आपल्या कर्मानें आला! दया करितांना सुद्धां आपण न्यायासनावरून खालीं उतरत नाहीं, हें यावरून दिसतें.

आणि येथें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक जुनें दुःख जागें होईल, तें मी टाळूं इच्छीत नाहीं. आपल्यापैकीं बहुतेकांचे वाडवडील गांवकुसाबाहेर राहिले. ज्या पाणवठ्यावर कुत्र्यामांजरांस, गुराढोरांस मज्जाव नव्हता तेथें त्यांच्या सावलीचाही विटाळ होत असे. महाडच्या चवदार तळ्याचेंही तेंच होतें. जनावरांनीं तेथें तोंड घालावें, मनुष्यांनीं घालूं नये. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या हजारों अनुयायांसह तेथें जाऊन तें पाणी ओंजळीनें घेतलें, तें ह्याच अपमानाचें उत्तर होतें. ज्याच्या आजानें कुत्र्याला पुढें जातांना पाहिलें आणि स्वतः तहानलेला मागें उभा राहिला, त्याला कुत्र्याविषयीं कळवळ्याचे शब्द कानास गोड कसे लागावे? "कुत्र्यासारखें वागविलें" ही आपल्या बोलींतली म्हण आहे. आमच्या वाडवडिलांस तर कुत्र्याहून खालीं वागविलें.

हा राग न्याय्य आहे, आणि तो कोणीं आवरावा असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या रागाचा नेम कोठें आहे हें पाहिलें पाहिजे. त्या पाणवठ्यावर कुत्र्यावर कोणाची प्रीति होती म्हणून त्याला पाणी मिळे असें नव्हे. मनुष्यास तुच्छ ठरवावयाचें होतें, आणि कुत्रें त्या कामीं एक मोजमाप म्हणून वापरलें गेलें. आम्ही ज्या कुत्र्याविषयीं बोलत आहों तें त्याच्या उलट बाजूचें आहे. तें कोणा मोठ्या वाड्यांतलें, मनुष्याला दारांतून हांकून देण्यासाठीं ठेविलेलें कुत्रें नव्हे. तें हांकून दिलेल्या मनुष्याबरोबर बाहेर उभें आहे. त्यानें कधीं "तूं कोणाचा?" असें विचारिलें नाहीं. ज्याच्याजवळ बसण्यास माणसें कचरतात त्याच्याजवळ तें पाठ टेंकून निजतें. ज्यांच्या वाडवडिलांस कोणी जवळ बसूं दिलें नाहीं, त्यांस या निजण्याची किंमत इतरांपेक्षां अधिक कळावी असें मला वाटतें.

नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हां त्यानें जी गोष्ट सांगितली ती सर्वांस पाठ आहे. एका गरिबाजवळ विकत घेतलेल्या एका लहानशा मेंढीवांचून कांहीं नव्हतें. ती त्याच्या लेंकरांबरोबर वाढली, त्याच्याच घांसांतलें खाई, त्याच्याच पेल्यांतलें पिई, त्याच्या उराशीं निजे. ही गोष्ट आम्ही नेहमीं उरीयाच्या व बथशेबेच्या संबंधानें वाचतों, आणि तोच तिचा हेतु आहे. तथापि मला नेहमीं एका गोष्टीचें नवल वाटत आलें आहे. दावीद स्वतः मेंढपाळ होता, मेंढरांचा बाजारभाव जाणणारा होता. तरी त्यानें असें विचारिलें नाहीं कीं, ज्याला स्वतःला खावयास नाहीं त्यानें आपल्या पेल्यांतलें मेंढीला कां पाजावें? तिचे केंस कातरून विकले होते काय, असेंही विचारिलें नाहीं. गरिबाच्या त्या प्रीतींत त्याला कांहीं वेडेपण दिसलें नाहीं. त्याला दिसला तो धनवानाचा हात, जो आपले कळप सोडून त्या एकाच मेंढीवर पडला. बेघर मनुष्याच्या कुत्र्यावर जो हात पडतो तोही बहुधा असाच भरल्या घरांतून आलेला असतो, आणि बहुधा तो उपकाराच्या नांवानें पडतो. तो कसा, तें आतां पाहूं.

इंग्लंडांत व अमेरिकेंत बेघरांसाठीं आश्रयगृहें आहेत. थंडीच्या रात्रीं तेथें बिछाना मिळतो, गरम अन्न मिळतें. परंतु पुष्कळ ठिकाणीं दारावर एक नियम असतो: मनुष्यानें आंत यावें, कुत्र्यानें येऊं नये. या नियमास कारणें आहेत. कुत्रें चावेल, भुंकेल, पिसवा आणील, दुसऱ्या कोणास त्याची भीति वाटेल. हीं कारणें खोटीं नाहींत. मग तो मनुष्य दारांत उभा राहून विचार करितो, आणि पुष्कळदां पाठ फिरवून पुन्हां थंडींत जातो. रुग्णालयांत दाखल व्हावें असें डॉक्टर सांगतो, तरी कुत्र्यास कोठें ठेवावें हें न सुचल्यामुळें तो दाखल होत नाहीं. आंतले लोक म्हणतात, "पाहा, आम्हीं दार उघडें ठेविलें होतें, याला मदत नकोच आहे." 

आपल्या देशांत कीर्तनांतून सांगितली जाणारी एक कथा नेमकी ह्याच दाराची आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत पांडव राज्य सोडून हिमालयाकडे निघाले तेव्हां एक कुत्रें त्यांच्या मागें लागलें. वाटेंत द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले. युधिष्ठिर आणि तें कुत्रें एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला व म्हणाला, तूं चल, कुत्र्यास सोड. युधिष्ठिरानें आश्रयास आलेल्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारिलें. ही आमच्या शास्त्रांतली कथा नव्हे, परंतु जो प्रश्न तिनें विचारिला तो प्रश्नच आहे. पुढें कथाकारानें असें केलें कीं, तें कुत्रें साक्षात् धर्म ठरलें आणि युधिष्ठिराची परीक्षा उतरली. आश्रयगृहाच्या दारांतून परत फिरलेल्या मनुष्याचें कुत्रें मात्र कुत्रेंच राहतें. त्याच्या जागीं कोणी देव प्रगट होत नाहीं, कोणी रथ पाठवीत नाहीं. पहांटेपर्यंत पाऊस पडत राहतो. त्याला आपल्या नकाराचें फळ काय मिळालें असें विचाराल, तर कुत्र्याच्या अंगाची ऊब, एवढेंच. बक्षिसाच्या आशेवांचून केलेलें काम मोठें मानावें असें आपण शिकवितों, तर याला कोठें बसवावें?

कोणी म्हणेल कीं हें दार केवळ भणंगांपुढें येतें. तसें नाहीं. २००५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅट्रिना नांवाचें तुफान आलें आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. सोडविण्यास आलेल्या होड्यांत व मोटारींत जनावरांस घेत नसत, म्हणून पुष्कळ लोक बुडत्या घरांतच राहिले. एका लहान मुलाच्या हातांतून त्याचें पांढरें कुत्रें मोटारींत चढतांना काढून घेतलें व तो मुलगा ओकारी येईपर्यंत रडला, ही बातमी त्या देशभर वाचली गेली. पुढच्याच वर्षीं, २००६ सालीं, तेथील कायदेमंडळानें असा कायदा केला कीं, संकटकाळच्या व्यवस्थेंत लोकांच्या पाळीव जनावरांचीही सोय आंखली पाहिजे. ज्यांचें घर एका रात्रींत गेलें त्यांचें दुःख कायदेमंडळास लवकर समजलें; ज्यांचें घर हळूहळू गेलें त्यांचें समजावयास अधिक वेळ लागला. तरी तेंही थोडें थोडें समजूं लागलें आहे. कॅलिफोर्निया संस्थानानें २०१९ सालीं आश्रयगृहांत कुत्र्यांची सोय करण्यासाठीं ५० लक्ष डॉलर वेगळे काढिले. लंडनांत २०१६ सालीं कांहीं पशुवैद्यांनीं स्ट्रीटव्हेट नांवाची संस्था काढिली. ते औषधांच्या थैल्या पाठीवर घेऊन रस्त्यावर जातात आणि बेघरांच्या कुत्र्यांस फुकट तपासतात. जीं कारणें दारावर लिहिलीं होतीं त्यांचें निरसन फार कठीण नव्हतें असें यांतून दिसून आलें. मागच्या बाजूस एक जाळीची खोली, एक साखळी, पिसवांचें औषध, आणि निजणाऱ्यांपैकीं ज्यांस भीति वाटते त्यांच्यासाठीं दूरचा बिछाना, एवढ्यावर पुष्कळसें काम भागतें.

आतां आपल्याकडे वळूं. २०११ सालच्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत सुमारें १७ लक्ष ७३ हजार माणसें घरांवांचून असल्याचें नोंदलें गेलें, आणि त्यांतलीं दोन लक्ष दहा हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांत होतीं. मुंबईच्या पदपथावर जीं कुटुंबें निजतात त्यांच्या उशाशीं रात्रीं कुत्रें असतें. तें विकत घेतलेलें नसतें, त्याच्या गळ्यांत पट्टा असेलच असें नाहीं; त्या पदपथावरच जन्मलेलें आणि त्या कुटुंबाच्या उष्ट्यावर वाढलेलें असतें. परका मनुष्य जवळ आला कीं तें भुंकतें, आणि ज्या बाईच्या झोंपडीला दार नाहीं तिला तेवढीच कडी.

या दोघांविषयीं कायदा काय म्हणतो हें पाहिलें तर मनाला चटका बसतो. पदपथवासीयांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें चालला व १९८५ सालीं त्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असें न्यायालयानें मोठ्या मनानें सांगितलें. तथापि रीतसर सूचना देऊन पदपथावरून माणसांस हलवितां येईल असेंही ठरविलें. कुत्र्यांविषयीं २००१ सालीं जे नियम झाले, आणि २०२३ सालीं जे नव्यानें झाले, त्यांत असें आहे कीं, रस्त्यावरचें कुत्रें धरून त्याचें नसबंदन करावें, लस टोंचावी आणि जेथून धरलें तेथेंच परत नेऊन सोडावें. म्हणजे एकाच पदपथावर निजणाऱ्या दोघांपैकीं कुत्र्याला ठिकाण आहे, मनुष्याला नाहीं! कुत्र्याचें ठिकाण काढून घ्यावें असें मी यावरून सुचवीत नाहीं. २०२५ सालच्या नोव्हेंबरांत न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, मोटारतळ, रेल्वे स्टेशनें यांच्या आवारापुरता निराळा हुकूम केला, कीं तेथलीं कुत्रीं उचलावीं व पुन्हां तेथें सोडूं नयेत. मुलांस व आजाऱ्यांस कुत्रीं चावतात म्हणून तो हुकूम झाला, आणि ज्याचें मूल चावलें गेलें त्याच्यापुढें कोणी वाद घालूं नये. परंतु स्टेशनाचें व रुग्णालयाचें आवार हेंच बेघरांचें मोठें वसतिस्थान आहे, हेंही विसरतां येत नाहीं. तेथून उचललेलें एखादें कुत्रें कोणाचें तरी होतें, आणि तें कोणाचें होतें हें कोठें लिहिलेलें नसतें.

लूककृत शुभवर्तमानांतला लाजार असाच एका दारापाशीं पडून होता, आणि कुत्रीं येऊन त्याचे फोड चाटीत. टीकाकारांत याविषयीं दोन मतें आहेत. यहूदी लोक कुत्र्यास अशुद्ध मानीत, म्हणून हें लाजाराच्या दुर्दशेचें शेवटचें टोंक आहे असें एक मत. कुत्र्यांनीं त्याचे फोड चाटून त्याला आराम दिला असें दुसरें. शब्दांवरून निकाल करणें अवघड आहे, आणि पहिल्या मताकडे विद्वानांचा भार थोडा अधिक आहे असें मला दिसतें. तरी रात्रींच्या वेळीं एखाद्या मोठ्या स्टेशनाबाहेर जो हिंडला आहे तो दुसऱ्या मताकडे झुकतो.

शेवटीं उपदेशक बंधूंसाठीं व्यवहाराचे दोन शब्द. पिसाळण्याचा रोग ही थट्टा नव्हे. मनुष्यांत होणारा हा रोग शंभरांतून नव्व्याण्णव वेळां कुत्र्यापासून येतो असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य बहुधा वांचत नाहीं. म्हणून कोणासही कुत्रें चावलें किंवा त्याचें नख लागून रक्त आलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटेंपर्यंत धुवावी, त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें, आणि लस जितक्या वेळां घ्यावयास सांगतील तितक्या वेळां घ्यावी. मंत्र घालणें, चुना किंवा मिरची लावणें यांत वेळ घालवूं नये. परंतु मनुष्याच्या लशीच्या आधीं कुत्र्याची लस येते, आणि ती स्वस्त आहे. आपल्या बाजारगांवीं देवळाच्या किंवा धर्मशाळेच्या ओट्यावर जो कोणी कुत्र्यासह राहत असेल, त्याला आधीं त्याच्या कुत्र्याचें नांव विचारावें. नांव बहुतेक असतेंच. मग त्याच्या समक्ष, त्यालाच कुत्रें धरावयास सांगून, पशुवैद्याकडून लस टोंचून घ्यावी. परका मनुष्य धरूं लागला कीं कुत्रें बिथरतें. ही लस पुन्हां केव्हां द्यावयाची हें पशुवैद्य सांगतो. ज्याला घर नाहीं त्याच्यापाशीं कागद टिकत नाहीं, पावसांत भिजतो किंवा गाठोड्याबरोबर जातो. म्हणून त्या मनुष्याचें नांव, कुत्र्याचें नांव आणि पुढच्या लशीची तारीख उपदेशकानें आपल्या वहींत लिहून ठेवावी.